संपादकहो, आमच्या तालुक्याचं पान परत द्या

मुंबईतल्या मराठी दैनिकांच्या आणि वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना,

सप्रेम नमस्कार.

मी लालबागमध्ये पेपर विकतो. वडिलांनी फुटपाथवर एक फळी टाकून धंदा सुरू केला, त्याच जागेवर आज मी बसतो. पहाटे चारच्या सुमारास गठ्ठे उतरतात, पुरवण्या घालून होतात, साडेपाचला पोरं लाइन टाकायला निघतात. तुमचा अंक तुमच्या वाचकाच्या हातात पडण्याआधी माझ्या हातात पडतो. तीस वर्षं मी तो असा उजाडायच्या आधी वाचत आलो आहे. म्हणून हे पत्र लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे असं समजतो.

या महिन्याच्या एक तारखेपासून तुमच्यापैकी एका मोठ्या दैनिकाने कोकणचं पान बंद केलं. नाव लिहीत नाही. ज्यांनी निर्णय घेतला त्यांना तो ठाऊक आहे, आणि बाकीच्यांनीही गेल्या काही वर्षांत थोड्याफार फरकाने हेच केलं आहे. कुणी पानाचं अर्धं पान केलं, कुणी चार जिल्हे एका स्तंभात कोंबले. या दैनिकाने त्या जागी जगाच्या बातम्यांचं रंगीत पान सुरू केलं आणि पहिल्या पानावर छोटी चौकट टाकून वाचकांची आवड बदलल्याचं सांगितलं. तालुक्यातल्या वार्ताहरांना ते फोनवरून कळलं.

माझ्या लाइनीवरच्या वाचकांची आवड मला माहीत आहे. चाळीच्या चौथ्या मजल्यावर एक आजोबा आहेत, गिरणीतून घरी बसलेले. ते पेपर मागून उघडतात. आधी कोकणचं पान. कुठे दरड आली, कुठला साकव वाहून गेला, कुणाच्या निधनाची बातमी आहे, जत्रा कधीची ठरली. मग घडी उलटी करून पहिलं पान. एक तारखेला त्यांनी पोराला परत पाठवलं. त्यांना वाटलं, आतलं पान घालायला आम्ही विसरलो.

जगाच्या पानाशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगतो. जग कळायला हवं. माझं म्हणणं एवढंच आहे की गाव जगाच्या बाहेर नसतं, आणि हे आपण सगळ्यांनी कोरोना महामारीच्या दोन वर्षांत स्वतःच्या अंगावर सोसून पाहिलं आहे. ते इतक्या लवकर विसरलं गेलं, म्हणून ही उजळणी.

मार्च २०२० आठवा. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला, त्याच रात्री लोकल थांबली, आणि २४ला रात्री आठ वाजता जाहीर झालं की बारापासून सगळा देश बंद. आमचे गठ्ठेही बंद पडले. घरोघर पेपर टाकायची मुभा मुंबईत ७ जूनला मिळाली. अडीच महिने मी खोलीत बसून टीव्ही पाहिला. देवगड तालुक्यातल्या आमच्या घरी आईही तेच चॅनल पाहत होती. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. एके दिवशी म्हणाली, ‘‘झिला, ह्या इटली खंय इला रे? मुंबयच्या पलीकडे काय? आपल्याकडे पोचाक किती दीस लागतले?’’

सत्तरीच्या बाईला इटलीच्या लोम्बार्दीतल्या शवपेट्या तोंडपाठ झाल्या होत्या. न्यूयॉर्कमधल्या रुग्णवाहिकांचे भोंगे तिला झोपेत ऐकू यायचे. आणि आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहेत की नाहीत, तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठल्या दुकानात मिळतील, एसटी कधी सुटेल, यातलं काही तिला तुम्ही सांगितलं नाही. मलाही नाही. माझी पहिली तक्रार हीच आहे. भीती तुम्ही घरपोच दिलीत. माहिती मात्र आम्हालाच शोधायला लावलीत.

त्यातून काय झालं, ते माझ्या घरचंच सांगतो.

एप्रिल २०२१. दुसरी लाट. काकांना ताप आला, चौथ्या दिवशी बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा नव्वदच्या खाली गेला. चुलतभावाचा मला रात्री फोन आला, ‘‘दादा, खाट कुठे मिळेल?’’ मी लालबागमध्ये बसून काय सांगणार? मुंबईतली खाट मी शोधू शकलो असतो. मुंबईत प्रत्येक विभागाची, खाट मिळवून देणारी वॉर रूम होती, त्यांचे नंबर तुम्ही टीव्हीवर खाली फिरवत होतात, पेपरात चौकटीत छापत होतात. ते काम तुम्ही चांगलं केलंत, त्याने जीव वाचले. पण देवगडच्या माणसाने कुठे फोन करायचा, हे सांगणारी चौकट मला कुठल्याच अंकात मिळाली नाही. त्या रात्री सगळ्या चॅनलवर दिल्लीतल्या ऑक्सिजनची बातमी होती. ती मोठीच बातमी होती. नाशिकला टाकीतून ऑक्सिजन गळून माणसं दगावली तो दिवस, २१ एप्रिल, त्याच आठवड्यातला. मी ते सगळं बघत होतो आणि हातातल्या फोनवर चुलतभाऊ विचारत होता, गाडी कुठे वळवू?

त्याने काकांना भाड्याच्या ओमनीतून तालुक्याला नेलं. जागा नव्हती. तिथून पुढच्या तालुक्याला. घाटीचा रस्ता, मागच्या सीटवर काकी पंख्यासारखी वर्तमानपत्राची घडी हलवत होती. तिसऱ्या दिवशी काका गेले.

तेराव्याला घरी आलेल्या तालुक्याच्या वार्ताहराकडून कळलं की वाटेतल्या एका गावात आठच दिवसांपूर्वी कोविड काळजी केंद्र सुरू झालं होतं, ऑक्सिजनची सोय होती आणि त्या रात्री तिथे खाटा रिकाम्या होत्या. आमची ओमनी त्या फाट्यावरून सरळ पुढे गेली. वार्ताहराने ते केंद्र सुरू झाल्याची बातमी पाठवली होती. जागा नाही म्हणून ती पडून राहिली. हे सांगताना तो माणूस आमच्या पडवीत खाली मान घालून बसला होता, जणू चूक त्याची होती.

काका त्या केंद्रात वाचलेच असते, असं मी म्हणत नाही. मी डॉक्टर नाही. पण फाटा कुठे आहे हे माहीत असणं आणि त्यावरून अंधारात निघून जाणं यांत फरक आहे, आणि तो फरक तुमच्या पानावरच्या चार ओळींचा होता.

दुसरी गोष्ट नियमांची. २०२०च्या गणपतीला चाकरमान्यांचे जे हाल झाले ते कोकणातलं प्रत्येक घर जाणतं. आधी चौदा दिवस विलगीकरण, मग दहा दिवस, १२ ऑगस्टच्या आत पोहोचा, नंतर येणार असाल तर चाचणी करून या, खासगी गाडीला ई-पास, एसटीला नको, एका एसटीत २२ माणसं. शिवाय ग्रामपंचायतीगणिक वेगळा ठराव. यातलं काय खरं आणि काय कालचं, हे वाचकाला एका जागी, साध्या मराठीत कुणी सांगावं? मला व्हॉट्सअॅपवरून तीन वेगवेगळे कागद आले, तिन्हींवर शिक्का. गावातल्या माणसांना चौथाच आला होता. वाडीच्या तोंडाशी बांबू आडवा टाकलेला. ज्यांच्याबरोबर लहानपणी पकडापकडी खेळलो, ती माणसं तोंडाला पंचा बांधून पलीकडे उभी होती, आणि त्यांचंही चुकत नव्हतं. मुंबईवाला रोग घेऊन येतो, एवढंच त्यांनी चार महिने ऐकलं होतं. मुंबई आणि गाव यांच्यामध्ये तुम्ही होतात. दोघांनाही ओळखणारे तुम्हीच होतात.

मी दहा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत काढले. चौथीचा वर्ग. भिंतीवर जगाचा नकाशा रंगवलेला. आई दुपारी पेज आणि सुकटीचं तोंडीलावणं घेऊन यायची, डबा खिडकीच्या कठड्यावर ठेवायची आणि लांब पेरूखाली उभी राहायची. एकदा म्हणाली, दाखव बघू ती इटली. मी आतून नकाशावर बोट ठेवलं. मग चीन कुठे ते विचारलं. मग आपण कुठे. तिने तिन्ही जागा नीट पाहिल्या आणि म्हणाली, ‘‘येवढाच? वीतभर तर आसा.’’

ती वीत मी विसरलेलो नाही. तुम्ही जग दाखवता तेव्हा ते फार लांबचं काहीतरी म्हणून दाखवता. आमच्या आईला एका दुपारीत कळलं की ते लांब नाही.

आता तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. जगाचं पान काढलंत, तर त्यात जग तरी कुठलं आहे? मी गेले पंधरा दिवस ते पान रोज वाचतो आहे. वॉशिंग्टन, लंडन, मॉस्को, बीजिंग. राजधान्या. महामारीतही हेच होतं. आशियातली कोट्यवधी माणसं गावात राहतात आणि त्यांच्यावर तेच गुदरत होतं जे आमच्यावर. त्यांची गोष्ट आम्हाला उपयोगाची होती, ती आमच्यापर्यंत आली नाही. मी नंतर, वाचत वाचत, ओळखीच्या पोरांना विचारत ती गोळा केली.

व्हिएतनाममध्ये सोन लोई नावाचं गाव आहे. साधारण दहा हजार वस्ती. वुहानमध्ये कामानिमित्त गेलेली तिथली माणसं परत आली आणि त्यांच्याकडून आजार गावात शिरला. फेब्रुवारी २०२०मध्ये, आपल्याकडे अजून कुणी मुखपट्टीही घेतली नव्हती तेव्हा, ते सगळं गाव वीस दिवस बंद ठेवलं गेलं. परगावाहून कमावून आलेली आपलीच माणसं आणि दाराला आडवा बांबू. हा प्रश्न त्यांना आमच्या सहा महिने आधी पडला होता. ते कसे निभावले, हे कुणी मराठीत लिहिलं असतं तर गणपतीत आमच्या वाडीत जी भांडणं झाली त्यातली निम्मी टळली असती असं मला मनापासून वाटतं.

थायलंडमध्ये गावागावांत आरोग्य स्वयंसेवक आहेत, दहा लाखांहून जास्त. बँकॉकहून लोक गावी परतले तेव्हा हे स्वयंसेवक घरोघर गेले, ताप पाहिला, नोंदी ठेवल्या. आमच्याकडे आशाताई तेच करत होत्या, पायी, चढणीच्या वाड्यांवर, तुटपुंज्या मोबदल्यावर. जून २०२१मध्ये त्यांना संपावर जावं लागलं. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या सगळ्या आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. तेव्हा बातमी झाली. आमच्या वाडीची आशा त्या दिवशी कुठल्या घरी होती, तिला दोन वर्षं काय पाहावं लागलं, हे विचारायला कुणी गेलं नाही. कोण जाणार? जो जाऊ शकला असता त्याला तुम्ही बातमीमागे मोजून पैसे देत होतात.

मध्य जावामध्ये केपूह नावाच्या गावातल्या पोरांनी रात्री पांढरी कफनं गुंडाळून रस्त्यावर भुतं बनून बसायचं ठरवलं, लोकांनी घराबाहेर पडू नये म्हणून. पहिल्यांदा उलटंच झालं, भुतं बघायला गर्दी लोटली. ही बातमी आपल्याकडे मौजेची म्हणून फिरली. मला ती मौजेची वाटली नाही. ज्या गावात राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, गाऱ्हाणं घातल्याशिवाय नांगर धरत नाहीत, त्या गावातल्या माणसाला ती लगेच कळते. सरकारचा कागद पोहोचत नाही तिथे माणसं जे जवळ आहे ते वापरतात. आमच्याकडेही वेशीवर नारळ ठेवून मुंबईच्या दिशेने हात जोडलेले मी पाहिले आहेत.

आणि नेपाळ. देवगडच्या कलमांच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं असतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. मार्च २०२०च्या शेवटी उत्तराखंडात धारचुल्याजवळ शेकडो नेपाळी मजूर सीमेवर अडकले. पलीकडे स्वतःचा देश, मध्ये महाकाली नदी. काहींनी थंडगार पाण्यात उडी टाकून नदी पोहून ओलांडली. आमच्या बागेतला राखणदार फोनवर तीच क्लिप पुन्हा पुन्हा बघत होता, कारण त्या माणसांत त्याचा साडू असेल असं त्याला वाटत होतं. त्याच वेळी आमचा हापूस पेट्यांत पिकत पडला होता, वाशीच्या बाजारात पाठवायची खात्री नव्हती, बागायतदार मुंबईच्या सोसायट्यांना फोन करून थेट आंबा विकत होते. एका कलमाखाली देवगड, वाशी आणि नेपाळ अशा तीन बातम्या बसल्या होत्या. तिथे कुणीही पत्रकार नव्हता.

भूतानचं सांगतो आणि हा विषय थांबवतो. मार्च २०२१च्या शेवटी त्या डोंगराळ देशाने दोन आठवड्यांत आपल्या बहुतेक सगळ्या प्रौढांना लसीचा पहिला डोस दिला. ती लस भारताने भेट दिलेली, आपल्या पुण्यात तयार झालेली. दुर्गम वाड्यांपर्यंत ती कशी नेली? त्यानंतर आमच्या तालुक्यात काय चाललं होतं माहीत आहे? मे महिन्यात अठरा ते चव्वेचाळीसची नोंदणी ऑनलाइनच करायची होती, कोविन पोर्टल इंग्रजीत, मराठी त्यावर जूनमध्ये आली. शहरातली पोरं गाड्या घेऊन खेड्यांतल्या केंद्रांवर लस घ्यायला पोहोचली आणि गावची पोरं दाराशी उभी राहिली, कारण नेटवर्क मिळेपर्यंत जागा भरलेल्या असायच्या. शहरातल्या त्या पोरांतली काही माझ्या लाइनीवरची आहेत. वाईट नव्हती ती. त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं की आपण कुणाची पाळी घेतो आहोत.

चौथं थोडक्यात. फेब्रुवारी २०२१मध्ये अमरावती आणि अचलपूरमध्ये पुन्हा टाळेबंदी लागली. त्या वेळी मुंबईत लोकल सर्वांसाठी नुकती सुरू झाली होती आणि माझ्या फळीवर येणारे लोक म्हणायचे, संपलं एकदाचं. २४ मार्चला केंद्राने सांगितलं की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत विषाणूचे नवे बदल वाढत आहेत. ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने त्यातल्या एका प्रकाराला नाव दिलं, डेल्टा. मग तो जगाच्या प्रत्येक पहिल्या पानावर गेला. जगाची सगळ्यांत मोठी बातमी विदर्भातल्या गावांतून चालत होती तेव्हा तिथल्या किती तालुक्यांत तुमचा पगारी माणूस होता? हा प्रश्न मी आरोप म्हणून विचारत नाही. त्याचं उत्तर मला खरंच हवं आहे.

आणि वीज. १६ मे २०२१ला तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरून गेलं. आमच्या वाडीत आठ दिवस दिवे नव्हते. टीव्ही बंद, मोबाइल बंद, माड आडवे, घरात आजारी माणसं. बातम्या आता मोबाइलवर मिळतात असं जे म्हणतात त्यांनी ते आठ दिवस डोळ्यांसमोर आणावेत. पाचव्या दिवशी एक मुलगा कणकवलीहून मोटरसायकलवर पेपर घेऊन आला. एक अंक आठ घरं फिरला.

चांगलं काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. नंदुरबारच्या डॉक्टर असलेल्या जिल्हाधिकाऱ्यांनी दुसऱ्या लाटेच्या आधीच ऑक्सिजनचे प्रकल्प उभे केले, हे तुम्ही दाखवलंत. नर्मदेच्या पाण्यातून नाव वल्हवत पाड्यांवर जाणारी अंगणवाडी सेविका तुम्ही आमच्यापर्यंत आणलीत. हिवरे बाजारने गाव कसं सांभाळलं ते छापलंत, सोलापूरच्या परितेवाडीच्या शिक्षकाला डिसेंबर २०२०मध्ये जागतिक पुरस्कार मिळाला तेव्हा आठ दिवस आम्ही अभिमानाने वाचत होतो. ते अंक मी रद्दीत घातले नाहीत, अजून पेटीत आहेत. म्हणजे तुम्हाला जमतं. म्हणूनच राग येतो. २०२०च्या जूननंतर एका नटाच्या मृत्यूवर महिनोन्‌महिने रात्रीच्या चर्चा चालवायला वेळ होता, तेवढ्या वेळात महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्याचं दार एकदा तरी दाखवून झालं असतं. आई म्हणाली होती, ‘‘सगळा जग दाखयतत, आपलो दवाखानो काय दाखयनत नाय.’’

तुमची अडचण मला कळते. कागद महागला, जाहिराती आटल्या. टाळेबंदीआधी माझी लाइन ३१० घरांची होती, आज १९० वर आली आहे. मीही तोट्याचा हिशेब रोज करतो. पण पान तोट्यात जातं म्हणून बंद करायचं ठरवलंत, तर निवडलंत ते पान ज्याच्या बातम्या दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत. वॉशिंग्टनची बातमी आजोबांच्या नातवाच्या फोनवर तुमच्याआधी येते. आमच्या साकवाची येत नाही.

माझ्या मागण्या या.

बंद केलेलं जिल्ह्याचं पान परत सुरू करा. रोज जमत नसेल तर आठवड्यातून तीन दिवस करा, पण ठरलेले दिवस ठेवा, म्हणजे माणूस वाट पाहू शकतो.

तालुक्याच्या वार्ताहराला ओळखपत्र, महिन्याचं ठरलेलं मानधन आणि विमा द्या. आमच्या पडवीत बसला होता तो वार्ताहर पुढे स्वतः आजारी पडला, दवाखान्याचं बिल त्याने बायकोच्या बांगड्यांवर भागवलं, आणि बरा होऊन पुन्हा बातम्या पाठवू लागला. या महिन्यात त्यालाही तो फोन आला. आता तो बाजारपेठेत झेरॉक्सचं दुकान लावण्याच्या विचारात आहे. त्याला परत बोलवा. त्याच्यासारखा माणूस दुसरा मिळणार नाही, कुठल्या वाडीत कुठली वाट जाते हे त्याला अंधारात कळतं.

प्रत्येक जिल्ह्यासाठी एक कायमची चौकट ठेवा: कुठल्या आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे, सापाच्या विषावरचं औषध कुठे आहे, रुग्णवाहिका कुठे उभी असते. पुढची साथ येईल तेव्हा हीच चौकट खाटांची होईल. त्या वेळी नव्याने जागा शोधायला लागू नये. आणि संकटात सरकारी आदेश निघाला की तो कुणाला लागू, कधीपासून, कालच्यातलं काय रद्द, हे एवढं साध्या मराठीत छापा आणि खात्री होईपर्यंत गाडी सुटणार असं कुणाला सांगू नका. १४ एप्रिल २०२०ला वांद्रे स्टेशनबाहेर गावी जायला निघालेल्या माणसांची जी गर्दी उसळली, ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

जगाचं पान ठेवा. त्यातला एक कोपरा आशियातल्या खेड्यांना द्या. जावातल्या शेतकऱ्याने, थायलंडच्या आरोग्य स्वयंसेवकाने, नेपाळहून आमच्या बागेत आलेल्या माणसाने काय केलं ते आम्हाला वाचायचं आहे.

शेवटची मागणी अवघड आहे, ती वाहिन्यांनाही आहे. त्या दोन वर्षांत गावागावांत किती माणसं गेली, कशाने गेली, याची नोंद अजून अर्धीमुर्धी आहे. भारतातल्या मृत्यूंचा जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२मध्ये काढलेला अंदाज सरकारने मान्य केला नाही. तो वाद तज्ज्ञांचा आहे, त्यात मी पडत नाही. पण प्रत्येक तालुक्याला एक माणूस पाठवून, घरोघर विचारून, ही यादी करणं तुमच्या हातात आहे. सांगणारी माणसं अजून जिवंत आहेत. माझी काकी सांगेल. त्या रात्री गाडी कुठून कुठे गेली, कुठल्या वळणावर काकांनी पाणी मागितलं, हे तिला सगळं आठवतं.

या पत्राची प्रत मी गेल्या आठवड्यात १९० घरांत पेपराच्या घडीत घालून दिली होती. १४३ घरांनी सही करून परत केली. त्यांतल्या बऱ्याच जणांनी मागच्या बाजूला आपल्या गावाचं नाव लिहिलं आहे: वेंगुर्ला, राजापूर, पाटण, चंदगड, आजरा, मंडणगड. अंकाची किंमत एक रुपयाने वाढवली तरी पान हवं, असं ५८ जणांनी आपणहून लिहिलं. मी कुणाला तसं विचारलं नव्हतं. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांची सही सगळ्यांत वर आहे.

सह्यांचे कागद मी तुमच्या कार्यालयात स्वतः आणून देईन. तुम्ही वेळ कळवा. पहाटे चार ते नऊ सोडून कुठलीही चालेल.

आपला,
लालबागचा एक पेपर विक्रेता